पत्रकात उताराचा कोन छापा: हिवाळी ट्रेक नेणाऱ्या संस्थांना खुले पत्र

हिवाळ्यात बर्फावर माणसे नेणाऱ्या सर्व संस्थांना, त्यांच्या संचालकांना आणि ट्रेक लीडरना,

सप्रेम नमस्कार.

तुमची माहितीपत्रके आम्ही बारकाईने वाचतो. हातमोजे किती जोड आणायचे, रोज किती किलोमीटर चालायचे, सर्वांत उंच तळ किती मीटरवर, जेवणात काय मिळेल, सगळे त्यात असते. वाटेवरचा सर्वांत तीव्र उतार किती अंशांचा आहे आणि वाटेच्या डोक्यावर काय लटकते आहे, हे मात्र जवळजवळ कुठेच सापडत नाही. हिमस्खलनाचा धोका सांगणाऱ्या त्या एका आकड्यासाठी हे पत्र आहे.

हिमस्खलनाचे हवामान, बर्फाचे थर, वारा, ऊन हे सगळे बदलते असते आणि त्याचा अंदाज चुकू शकतो. उताराचा कोन बदलत नाही. तो घरी बसून, नकाशावर, तारखा जाहीर करण्याआधी काढता येतो. सगळ्या अनिश्चित गोष्टींत एवढी एकच गोष्ट निश्चित असताना नेमकी तीच पत्रकातून गायब असावी, याचे आम्हाला नवल वाटते.

आधी कोनाचेच पाहू. माणसे मारणारी बहुतेक हिमस्खलने स्लॅबची असतात. घराच्या स्लॅबसारखाच बर्फाचा एक सलग, एकजीव थर खालच्या कच्च्या थरावरून अख्खाच्या अख्खा सुटतो. कोरड्या बर्फाची अशी स्लॅब साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते आणि ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. ५०-५५ अंशांच्या पुढे बर्फ फारसा साचतच नाही, पडता पडता ओघळून जातो. २५ अंशांच्या खाली सहसा घसरायला पुरेशी ओढ नसते. म्हणजे कड्यासारखा उभा उतार हा खरा मारेकरी नव्हे. गुळगुळीत, शुभ्र, "चला, सरळ चढून जाऊ" असे वाटायला लावणारा मधला उतार मारतो. छोटा उतार काय करणार, असे वाटत असेल तर हिशेब करा: ५० मीटर रुंद, ६० मीटर लांब आणि फक्त अर्धा मीटर जाड स्लॅब म्हणजे १५०० घनमीटर बर्फ. घनमीटरला २०० किलो धरले तरी ते ३०० टन होतात.

कोन डोळ्याने ठरवू नये, मोजावा. ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेने बर्फावर आडवा ठेवा, त्यावर कोन दाखवणारा क्लिनोमीटर किंवा मोबाइल ठेवा, दहा सेकंदांत आकडा मिळतो. पण तो आकडा तुम्ही उभे आहात त्या जागेचा असतो, आणि तुम्हाला हवा असतो वरच्या जागेचा. म्हणून नकाशा. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतील, तर सलग पाच अंतरे म्हणजे १०० मीटर चढ. ती पाच अंतरे मिळून नकाशावर साडेतीन मिलिमीटरपेक्षा कमी जागेत बसली, तर उतार ३० अंशांहून तीव्र आहे. पावणेतीन मिलिमीटरहूनही कमी जागेत बसली, तर ३५ च्या वर. नकाशा एक गोष्ट लपवतो, ती लक्षात ठेवा: दोन रेषांच्या मधला १५ मीटरचा तीव्र टप्पा त्यात दिसत नाही, आणि माणूस गाडायला तेवढा टप्पाही पुरतो.

आता डोक्यावरचा उतार. "आमची वाट तर सपाटीवरून जाते," हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. सपाटीवर हिमस्खलन सुटत नाही, पण सपाटीवर येऊन थांबते. वाटेवर उभे राहून वरच्या ज्या जागेतून बर्फ सुटू शकेल तिथे नजर लावा आणि तो कोन मोजा. तो २५ अंशांहून जास्त भरला, तर तुम्ही मोठ्या हिमस्खलनाच्या आवाक्यात आहात असे धरा. फार मोठी हिमस्खलने २० अंशांच्याही खालच्या कोनापर्यंत धाव घेतात. ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर गावात २३ फेब्रुवारी १९९९ रोजी जे हिमस्खलन घुसले, ते सुरक्षित मानलेल्या भागापर्यंत पोचले आणि ३१ माणसे गेली. ती माणसे गावात होती, उतारावर नव्हे. तंबूंची जागा ठरवताना हे आठवावे, कारण तंबूत माणूस आठ-दहा तास असतो आणि बहुतेक वेळ झोपलेला असतो. घळीच्या तोंडाशी पसरलेला सपाट पंखा तंबूंना फार सोयीचा दिसतो. तो पंखा कशाने तयार झाला, हे आधी विचारा. झाडेही सांगतात: वरच्या अंगाच्या फांद्या छाटल्यासारख्या मोडलेल्या असतील, किंवा दाट रानात मधेच सरळ उभा मोकळा पट्टा असेल, तर ती हिमस्खलनाची ठरलेली वाट आहे. विरळ झाडी बर्फ धरून ठेवत नाही. उलट वाहत आलेला माणूस तिच्या खोडांवर आपटतो.

बर्फाबद्दल एक गैरसमज तर लीडर मंडळींतही पक्का बसला आहे: यंदा बर्फ कमी, म्हणून धोका कमी. प्रत्यक्षात पातळ बर्फ बऱ्याचदा जास्त कच्चा असतो. जमिनीलगतचे तापमान शून्य अंशांच्या जवळ राहते आणि पृष्ठभाग निरभ्र रात्री खूप थंड होतो. समजा पृष्ठभाग उणे १२ अंशांवर आहे. बर्फ ६० सेंटिमीटर असेल, तर दर १० सेंटिमीटरला २ अंशांचा फरक पडतो. बर्फ २४० सेंटिमीटर असेल, तर अर्ध्याच अंशाचा. दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाहून जास्त फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि कण एकमेकांना धरून ठेवणे सोडतात. ते टोकदार, पैलूदार होतात आणि मुठीत घेतले तर साखरेसारखे सुटतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून मग दोन-तीन आठवडे कोरडी थंडी राहिली की तळाशी हा साखरबर्फ तयार होतो. त्यावर पुढे मोठा बर्फ पडला की तेच स्लॅबखालचे कच्चे जोते. हा थर काही दिवसांत मुरत नाही. आठवडेच्या आठवडे, कधी अख्खा हंगाम, तो तसाच बसून असतो. म्हणून "बर्फ पडून चार दिवस झाले, आता बसला असेल" हे वाक्य ताज्या बर्फाबद्दल बऱ्याच वेळा खरे ठरते, साखरबर्फाबद्दल नाही. असाच दुसरा कच्चा थर म्हणजे निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर उगवणारे हिमतुषार, म्हणजे हवेतली वाफ गोठून झालेले स्फटिक. सकाळी उन्हात पिसांसारखे चमकतात, फोटोही छान येतात. तेच पुढच्या बर्फाखाली गाडले गेले की फार वाईट.

पायाखाली "हुम्" असा दबका आवाज होऊन बर्फ किंचित खचला, तर तो साखरबर्फ तुमच्याशी बोलतो आहे. कच्चा थर खचला आणि ती खचण दूरवर पळत गेली, इतकाच त्याचा अर्थ. तुम्ही सपाटीवर असाल तर फक्त आवाज येतो. तीच खचण वरच्या ३५ अंशांच्या उतारापर्यंत पोचली, तर तुम्ही त्याला हातही न लावता तो तुमच्यावर येतो. पावलापासून काचेला जावा तसा तडा पुढे पळाला, तरी अर्थ तोच. या दोन्ही खुणांनंतर चर्चा नको. आल्या पावली, आल्या वाटेने मागे.

स्लॅब कुठून सुटते, याबद्दलही उलटी समजूत आहे. कच्चा थर एक मीटरहून खोल असेल तर माणसाचे वजन तिथवर फारसे पोचत नाही. पण खडकांच्या आजूबाजूला, सोंडेच्या कडेला बर्फ पातळ असतो. तिथे पाय पडला की तडा तिथून सुरू होऊन जाड भागात जातो. नेमक्या त्याच खडकांजवळ लीडर "इथे पक्के आहे" म्हणून बॅच थांबवतो. पायी चालणारा माणूस स्कीवाल्यापेक्षा खोल रुततो, म्हणून त्याचे वजनही जास्त खोल जाते. पायी ट्रेकला स्कीइंगपेक्षा सुरक्षित समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. बर्फ न पडताही उतार भरतो. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो, आणि तिथे पडलेल्या बर्फाच्या कित्येक पट थर काही तासांत चढू शकतो. धारेवर बर्फाचा धूर उडताना दिसला तर आडोशाचा उतार त्या क्षणी भरतो आहे, हे समजावे. वाऱ्याने भरलेला बर्फ गुळगुळीत, जरा फुगीर दिसतो आणि पोल टोचला तर ढोलासारखा पोकळ वाजतो. धारेवरच्या कॉर्निसपासून, म्हणजे धारेबाहेर लटकणाऱ्या बर्फाच्या छज्जापासून, लोक एक-दोन मीटर मागे राहतात. ती तुटते तेव्हा कडेवर तुटत नाही, बरीच मागून तुटते. पायाखाली बर्फ आहे की डोंगर, याची खात्री नसेल तर खडक दिसेपर्यंत मागे सरका.

वसंताकडे झुकलेल्या दिवसांचा हिशेब वेगळा, आणि सोपाही. रात्र निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठून घट्ट होतो. ढगाळ रात्री हवा थंड वाटली तरी तो नीट गोठत नाही. उत्तर गोलार्धात सकाळी आधी पूर्वेकडचे उतार सैल होतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, किंवा ओल्या बर्फात पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की त्या उताराची वेळ संपली. पहाटे दोनला निघायचे म्हटले की बॅच कुरकुरते, पण सकाळी नाश्ता करून आठला निघणारी बॅच परतीला नेमकी दुपारच्या ओल्या उताराखाली येते. कोरड्या बर्फावर पाऊस पडला तर मात्र वेळ बघत बसू नका, त्या दिवशी उतारांपासून दूरच राहा.

जिथे हिमस्खलनाची दैनिक सूचना निघते तिथे ती वाचली जाते, पण चुकीची. १९९३ पासून युरोपात आणि पुढे इतरत्र वापरात आलेल्या पाच पातळ्यांच्या मोजपट्टीत ३ हा आकडा मधला आहे, म्हणून लोक त्याला मध्यम समजतात. पायरीगणिक धोका सारख्याच मापाने वाढत नाही, झपाट्याने वाढतो. मृत्यूंचा मोठा वाटा पातळी ३ च्या दिवसांतच असतो, कारण ४ आणि ५ ला बहुतेक लोक घरी बसतात. स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी यावर एक साधा नियम दिला: पातळी २ ला ४० अंशांच्या खाली, ३ ला ३५ च्या खाली, ४ ला ३० च्या खाली राहायचे. तुमच्या बॅचमध्ये बर्फ पहिल्यांदा पाहणारी माणसे असतात आणि बऱ्याच ठिकाणी सूचनाच निघत नाही. म्हणून आमचे मत आणखी कडक आहे: नवख्या बॅचने कायम ३० अंशांच्या आत राहावे, आणि डोक्यावरही ३० च्या वरचे काही नसावे.

खड्डा खणून चाचणी घेणाऱ्या लीडरचे आम्हाला कौतुकच आहे. ३० बाय ९० सेंटिमीटरचा खांब मोकळा करून एका टोकाला फावड्याच्या पात्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा, आणि तडा संपूर्ण खांबभर पळतो का ते पाहणे ही चांगली चाचणी आहे. पण तिचा उपयोग एकाच दिशेने करावा. तडा आरपार गेला तर नकार पक्का. तडा गेला नाही तर परवानगी मिळाली असे नाही, कारण वीस मीटरवर थर वेगळा असू शकतो. चाचणी "जायचे आहेच, फक्त खात्री करू" या मनाने घेतली की तिचा निकाल आधीच लागलेला असतो.

आता बॅचचा आकडा. सगळीकडे लिहिलेले असते: धोक्याचा उतार एकेकाने पार करावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहावे. वीस जणांची बॅच घ्या. ८० मीटरची आडवी वाट ओल्या, घसरत्या पायांनी पार करायला एकाला चार मिनिटे धरली, तर वीस जणांना ८० मिनिटे लागतात. तेवढा वेळ थंडीत, एका ठिकाणी, गप्प उभे राहणारी बॅच आम्ही अजून पाहिलेली नाही. पाचव्या माणसानंतर अंतर मोडते, दहाव्यानंतर रांग लागते, आणि मग वीस जणांचे वजन एकाच वेळी एकाच स्लॅबवर. लीडर चांगला असूनही हे घडते. यावरून निघणारा निष्कर्ष तुम्हाला आवडणार नाही: जो उतार एकेकानेच ओलांडायला हवा, तो वीस जणांच्या वाटेवर असताच कामा नये. वाट बदला किंवा बॅच लहान करा.

बीकन (गाडलेल्या माणसाचा संकेत पाठवणारे आणि शोधणारेही यंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे यांबद्दल बोलताना आधी वेळेचा आकडा सांगू. स्वित्झर्लंडमधील घटनांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, डोक्यासकट गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर निघालेले ९० टक्क्यांहून जास्त जगतात, आणि अर्ध्या तासाला हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येते. बाहेरून मदत दहा मिनिटांत येत नाही. म्हणजे शोधणारे हात तुमच्याच बॅचचे असणार. एकट्या लीडरकडे बीकन असणे हा निव्वळ देखावा आहे: तो गाडला गेला तर त्याला शोधायला कोणाकडे यंत्र नाही, आणि दुसरा गाडला गेला तर त्याच्याकडून संकेत येत नाही. बीकन सगळ्यांकडे, आतल्या कपड्यावर पट्ट्याने बांधलेला, सॅकमध्ये नव्हे. रोज सकाळी निघताना लीडरने पुढे उभे राहावे, एकेकाने समोरून जावे, प्रत्येकाचा संकेत ऐकावा. मोबाइल आणि इतर विजेच्या वस्तू बीकनपासून पाठवताना २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर दूर. फावड्याचे पाते धातूचेच हवे. कोसळलेला बर्फ थांबताक्षणी आवळतो, त्यावर प्लास्टिक मोडते.

सराव करताना हा क्रम पाळा. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत पक्की करा, वरून दुसरे काही येत नाही ना ते पाहा, आणि शोधणाऱ्यांचे सगळे बीकन शोधावर न्या. एकही पाठवत राहिला तर सगळा शोध त्याच्याच मागे जातो. शेवटच्या जागेपासून खाली, साधारण ४० मीटर रुंदीच्या पट्ट्यांनी, धावत. संकेत मिळाला की त्याच्या बाणाने. तीन मीटरच्या आत आले की वेग कमी, यंत्र बर्फाला टेकवून सर्वांत लहान आकडा शोधा. तिथून प्रोब उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने, गोल गोल बाहेर. माणूस लागला की प्रोब काढू नका, तोच खुणेचा खांब. खणायचे प्रोबच्या जागी नाही. खोलीच्या एक ते दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि आडवे आत शिरा. एक पुढे, दोघे मागे, त्यांच्या मागे आणखी दोघे, बर्फ उचलून न फेकता वल्ह्यासारखा मागे ओढत. पुढचा दर मिनिटाला बदला. एक मीटर खोलीचा माणूस काढायला एक टनाहून जास्त बर्फ हलवावा लागतो, एकट्या फावड्याला ते दहा मिनिटांत जमत नाही. चेहरा आधी मोकळा करा, मग छाती, श्वास नसेल तर तोंडाने दिलेल्या पाच श्वासांनी सुरुवात. इथे हृदय बहुधा हवेवाचून थांबलेले असते, म्हणून नुसती छाती दाबणे पुरत नाही.

शेवटी तारखा. कायम भरलेल्या तारखा आणि परत न मिळणारे पैसे हे हिमस्खलनाच्या कारणांत धरले जात नाहीत, पण धरायला हवेत. राखीव दिवस नसलेल्या बॅचमध्ये लीडरला मागे फिरणे म्हणजे संस्थेचे नुकसान, हे त्याला कोणी न सांगताही कळते. म्हणून मागे फिरण्याच्या अटी आधीच लेखी हव्यात: चोवीस तासांत ३० सेंटिमीटर ताजा बर्फ, कुठेही दिसलेले ताजे हिमस्खलन, "हुम्" आवाज किंवा पळता तडा, बर्फावर पाऊस. यांपैकी एकही असले तर वरच्या टप्प्याकडे जायचे नाही, आणि पैशांचा हिशेब संस्थेने करायचा, लीडरने नव्हे. बॅचमधल्या कोणाही एकाचा नकार पुरेसा मानावा. त्यामागचे कारण कोणी विचारू नये, थांबणे त्याला जमायला हवे.

येत्या हंगामाच्या पत्रकात आम्हाला चार ओळी हव्या आहेत: वाटेवरचा सर्वांत तीव्र उतार किती अंश, वाटेच्या डोक्यावरचा सर्वांत तीव्र उतार किती अंश, बॅचमध्ये बीकन किती आणि माणसे किती, आणि मागे फिरण्याच्या अटी कोणत्या. दोन्ही कोन ३० च्या आत असतील तर तेही अभिमानाने छापा, बीकनची ओळ मग वगळली तरी आमची हरकत नाही. आणि ज्या संस्था ३० च्या वर जातात, त्यांनी पहिल्या तळावर एक बीकन सॅकमध्ये घालून एक मीटर खोल गाडावा, बॅचला शोधायला लावावे आणि सॅकचे बंद हातात येईपर्यंतची वेळ घड्याळावर लिहावी. दहा मिनिटांच्या वर गेली तर त्या बॅचची वाट तिथेच बदलावी.

आपले,
बर्फावर काम करणारे काही जण